शार्कटोपस खोटा का दिसतो, आणि तुमच्या मगरीचं काय करायचं

प्रश्न असा आलाय: "दादा, परवा शार्कटोपस पाहिला. अर्धा शार्क, अर्धा ऑक्टोपस, हसून हसून पोट दुखलं. पण आम्ही चौघं मित्र चिपळूणला वाशिष्ठीतल्या मगरीवर २० मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय, बजेट दीड लाख, आणि आता भीती वाटायला लागलीय की आमची मगर पण अशीच दिसणार. हे एवढं खोटं नेमकं कशामुळे दिसतं? पैसे कमी होते म्हणूनच ना?"

अरे, पैसे हे अर्धं उत्तर झालं आणि तेही सोपं अर्धं. मी २००६ पासून कॉम्पोझिटिंग करतोय, म्हणजे कॅमेऱ्याने शूट केलेल्या चित्रात कॉम्प्युटरवर बनवलेला प्राणी, आग, पाणी, जे काय असेल ते असं बसवायचं की बसवलंय हे कळता कामा नये. पहिली तीन वर्षं गोरेगावच्या एका छोट्या स्टुडिओत काढली, तिथे असल्याच अमेरिकन टीव्ही पिक्चरांचं आउटसोर्सचं काम यायचं. त्यामुळे तू ज्याला हसलास तसल्या शॉटांमध्ये माझाही हात आहे, कोणत्या ते सांगणार नाही, आईला अजून माहीत नाहीये.

आधी पिक्चरबद्दल थोडं, म्हणजे ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही कळेल. शार्कटोपस २०१० चा, अमेरिकेतल्या सायफाय चॅनलसाठी बनवलेला, सप्टेंबरमधल्या एका शनिवारी रात्री पहिल्यांदा लागला. निर्माता रॉजर कॉर्मन, दिग्दर्शक डेक्लन ओब्रायन, बरंचसं शूटिंग मेक्सिकोतल्या प्वेर्तो वायार्ताच्या किनाऱ्यावर. एरिक रॉबर्ट्स त्यात शास्त्रज्ञ आहे, हा माणूस १९८५ च्या एका पिक्चरसाठी ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेलेला नट, म्हणजे नट वाईट होते म्हणून पिक्चर वाईट असंही नाही. गोष्ट एवढीच की नौदलासाठी हा प्राणी बनवला, त्याला ताब्यात ठेवणारं यंत्र त्याच्या अंगावर बसवलं, बोटीचा पंखा लागून ते यंत्र तुटतं, आणि प्राणी मेक्सिकोच्या बीचवर जाऊन टुरिस्ट खात सुटतो.

आता यात पहिला घोटाळा कॉम्प्युटरवर होतच नाही, तो कागदावर होतो. प्राणी भर दुपारी, लख्ख उन्हात, निळ्या स्वच्छ समुद्रात, पूर्ण अंगानिशी, आणि पिक्चर सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोच दाखवलाय. हे लिहिणाऱ्याला फुकट असतं. "शार्कटोपस पाण्यातून उसळतो आणि माणसाला ओढून नेतो" एवढी एक ओळ टाइप करायला दहा सेकंद लागतात, आणि तीच ओळ नीट करायला आमच्यासारख्या सहा जणांना महिना लागतो, तो महिना कोणी दिलेला नसतो. या सगळ्या प्रकारातली मूळ गोची ही आहे की जे परवडत नाही तेच लिहून ठेवतात, आणि ते सुद्धा एकदा नाही, वीस वीस वेळा.

पण लेखकाला तरी किती बोलणार, चॅनलचं स्वतःचं एक गणित असतं. टीव्हीवर दोन तासांचा स्लॉट, जाहिराती काढल्या की पिक्चर उरतो ८५-९० मिनिटांचा, आणि दर थोड्या वेळाने ब्रेक. थिएटरात माणूस तिकीट काढून बसलेला असतो, तो अर्धा तास वाट बघतो. घरी सोफ्यावर त्याच्या हातात रिमोट आहे. म्हणून पहिल्या ब्रेकच्या आत प्राणी दिसला पाहिजे, आणि प्रत्येक ब्रेकच्या तोंडावर कोणीतरी मेलं पाहिजे म्हणजे माणूस परत येईल. हे एकदा मान्य केलं की लपवाछपवी संपली. आणि मॉन्स्टर पिक्चरमध्ये लपवाछपवी हेच तर निम्मं भांडवल आहे!

स्पीलबर्गच्या शार्कवाल्या जॉजचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो पण जरा वेगळ्या कारणासाठी. १९७५ चा तो पिक्चर काही गरीब नव्हता. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं, बजेटचा पार बोऱ्या वाजला. तरीही यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून स्पीलबर्गला तो दाखवता येईना. मग त्याने काय केलं तर पहिला बळी शार्कशिवायच घेतला. पोहणाऱ्या मुलीला दोर बांधून माणसांनी इकडून तिकडे खेचलं, बस्स, शार्क नाहीच. पुढे शार्कला पिवळी पिंपं अडकवली आणि पाण्यावर पिंप दिसलं की आपल्याला कळतं तो खाली आहे. पिंप! एका रंगवलेल्या पिंपाने जे काम केलं ते शार्कटोपसच्या आठ पायांना जमलेलं नाही. जुरासिक पार्क बघ, दोन तासांहून मोठा पिक्चर, त्यात डायनोसॉर साधारण १५ मिनिटंच दिसतात, आणि त्यातही कॉम्प्युटरवर केलेले पाच-सहा मिनिटं, बाकी खरे बनवलेले पुतळे आणि यंत्रं. आणि टी-रेक्सचा, म्हणजे त्या सगळ्यात मोठ्या मांसाहारी डायनोसॉरचा मोठा सीन रात्री, पावसात. त्या लोकांकडे पैसा होता तरी त्यांनी अंधार आणि पाऊस घेतला, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही ते भर दुपारी बीचवर जातात.

बरं, आता खोटं दिसण्याचा खरा मामला, वजन. हे नीट समजून घे कारण तुझ्या मगरीलाही हेच लागू आहे. टेबलावरून पेला पडला तर जमिनीवर यायला ०.४ सेकंद लागतात. बारा मीटर उंच माडावरून नारळ पडला तर दीड सेकंद. उंची सोळापट, वेळ चौपट. गुरुत्वाकर्षण लहानमोठं ओळखत नाही, त्यामुळे जितका प्राणी मोठा तितकं त्याचं सगळं हलणं, पडणं, वळणं हळू व्हायला हवं, आणि ते वर्गमुळाच्या हिशोबाने. एक मीटरची घोरपड पाऊल पाव सेकंदात टाकत असेल तर तसलाच सोळा मीटरचा प्राणी त्याला एक सेकंद घेणार. जुने मिनिएचर, म्हणजे छोटी मॉडेलं करून शूट करणारे लोक हे बरोबर जाणून होते, एक सोळांश मापाचं मॉडेल असेल तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचे, सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम, म्हणजे चित्रं, म्हणजे पडद्यावर ते चौपट हळू होऊन मोठं वाटायचं. टीव्ही पिक्चरमध्ये काय होतं, तर अॅनिमेटरला प्राणी "अॅग्रेसिव्ह" करून पाहिजे असा फीडबॅक येतो, तो बिचारा वेग वाढवतो, आणि पंधरा फुटी जनावर झुरळासारखं पळतं. आपल्याला कारण सांगता येत नाही पण डोळ्याला कळतं, हे खेळणं आहे.

आणखी एक, लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं पण हाडं-स्नायूंची ताकद चौपटच. हत्ती उडी मारत नाही ते याच कारणाने. शार्कटोपस तर पायांवर उभा राहून जमिनीवर चालतो, ऑक्टोपसच्या पायात हाडच नसतं रे! बरं ते सोड, काल्पनिक प्राणी आहे, मी हाड मागणार नाही. पण निदान वाळू तरी दबली पाहिजे ना. पाऊल पडलं की वाळू बाजूला सरायला हवी, खड्डा दिसायला हवा, पायाच्या बुडाशी गडद सावली हवी, जिला आम्ही कॉन्टॅक्ट शॅडो म्हणतो. ती सावली नसली की प्राणी जमिनीच्या वर दोन इंच तरंगतो. आमच्याकडे कोणाचा शॉट तसा आला की सिनियर म्हणायचा, "हा काय, हॉवरक्राफ्ट का?"

उजेडाचं सांगतो, कारण तिथे माझंच तोंड पोळलंय. २००७-०८ च्या सुमारास एक पिक्चर आला, महाकाय साप, १४० शॉट, पाच आठवडे, आम्ही अकरा जण. शूटिंग कुठल्यातरी परदेशी जंगलात झालेलं. नियम असा की प्रत्येक सेटअपला, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेला, शूटिंग संपलं की तिथेच एक चकचकीत गोळा आणि एक राखाडी मॅट, म्हणजे बिनचकाकीचा गोळा कॅमेऱ्यासमोर धरायचा, दोन मिनिटांचं काम. चकचकीत गोळ्यात सगळं आकाश, सूर्य, आजूबाजूची झाडं दिसतात, राखाडीवर सावली किती कडक ते कळतं, आणि मग आम्ही तसाच उजेड कॉम्प्युटरमध्ये सापावर टाकतो. त्या १४० शॉटांपैकी एकाचाही गोळा नव्हता. मी आणि माझा मित्र दोन दिवस झाडांच्या सावल्या बघून सूर्य कुठे असेल याचा अंदाज बांधत बसलो, शेवटी एका शॉटमध्ये हिरॉइनच्या नाकाच्या सावलीवरून दिशा काढली. त्यातून गंमत म्हणजे एकच सीन अर्धा सकाळी अर्धा दुपारी चारला शूट केलेला, एडिटमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळलेले, म्हणजे साप स्थिर पडलाय आणि त्याच्यावरचा उजेड दर तीन सेकंदांनी डावी-उजवी करतोय. आम्ही प्लेटशी, म्हणजे मूळ शूट केलेल्या चित्राशी जुळवून बरोबर काम केलं तरी ते चूकच दिसणार होतं. शेवटी सगळ्या सापाला एकच मवाळ उजेड दिला आणि शॉट पाठवून दिले. लोक म्हणाले प्लास्टिकचा साप. होताच प्लास्टिकचा.

आता यात कोणाची चूक, तर कोणाचीच नाही आणि सगळ्यांचीच. असे पिक्चर दोन-तीन आठवड्यांत उरकायचे असतात. नव्वद पानांची स्क्रिप्ट, समज सोळा दिवस, म्हणजे दिवसाला साडेपाच पानं. मोठ्या पिक्चरवाले दिवसाला एक-दोन पानं झाली तरी खूश असतात. साडेपाच पानं काढायची तर गोळा धरायला कोण थांबणार, ऊन चाललंय, बोट भाड्याने घेतलीय, नटाला सात वाजता सोडायचंय.

त्याच घाईतून नजरेची भानगड होते. प्राणी सेटवर नसतो. मग काठीला टेनिस बॉल लावून कोणीतरी उभं राहतं आणि सगळ्यांनी तिकडे बघून किंचाळायचं. घाईत काठीही नसते, दिग्दर्शक नुसतं ओरडतो "तिकडे आहे!" आणि पाच एक्स्ट्रा पाच दिशांना बघतात. एक बाई आकाशात, एक माणूस पाण्यात, एक जण तर कॅमेऱ्यात. नंतर आम्ही प्राणी कुठेही ठेवला तरी चार जणांची नजर चुकलेलीच. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, आणि याला एक पैसा लागत नव्हता.

पाणी. पाण्याचं नाव काढलं की आमच्या धंद्यात अजून लोक कपाळाला हात लावतात. पाण्याचा थेंब प्राणी मोठा झाला म्हणून मोठा होत नाही. बादलीत दगड टाकल्यावर उडतं तेवढ्या पाण्याचं शूटिंग मोठं करून महाकाय प्राण्याखाली लावलं की थेंब भोपळ्याएवढे दिसतात आणि प्राणी बादलीएवढा होतो. खरं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरकडून हिशोबाने पाणी बनवून घ्यायचं तर मशीन रात्रभर चालते, सकाळी बघितलं तर पाणी भलतीकडेच गेलेलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी शूट करून ठेवलेल्या क्लिपांच्या लायब्ररीतला काळ्या पार्श्वभूमीवरचा तयार शिडकावा घेतात, तोच पाच शॉटांत, कधी उलटा फिरवून. आणि एक गोष्ट पुढच्या वेळी बघ, समुद्रातून बाहेर आलेला प्राणी कोरडा असतो. अंगावरून पाणी निथळत नाही, चकाकी नाही, मागे ओल नाही. माणसाला खाल्लं तर लाल धूर उडतो पण शेजारी उभ्या असलेल्याचा पांढरा शर्ट पांढराच. रक्त उडतं ते कॉम्पमध्ये, म्हणजे आमच्या कॉम्पोझिटिंगमध्ये, शर्टावर डाग पाडायला सेटवर कॉस्च्युमवाला लागतो, आणि या दोघांची आयुष्यात कधी भेट होत नाही.

आवाजाबद्दल फार नाही बोलत, तो माझा प्रांत नाही. शार्कला आवाज काढायचा अवयवच नसतो, तरी या पिक्चरांत तो वाघासारखा डरकाळ्या फोडतो, हे माफ. पण आवाज ही सगळ्यात स्वस्त गोष्ट असून तिच्यावर सगळ्यात कमी डोकं लावतात हे माफ नाही. पाण्याखालून लाकडी होडीच्या बुडाला काहीतरी घासून गेल्याचा नुसता आवाज, बघ तूच, अंगावर काटा येतो की नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तुला वाटेल मी शार्कटोपसचा दुस्वास करतो. अजिबात नाही. त्यात एक बंजी जंपिंगचा सीन आहे, मुलगी दोरीला लटकून खाली येते आणि पाण्याच्या टोकाशी हा तिला वरच्या वर गट्ट करतो. शॉट खोटाच आहे, पण कल्पना इतकी फिट बसलीय की खोटेपणाची मजा येते. आणि कॉर्मन स्वतः एका सीनमध्ये बीचवर दिसतो. मेटल डिटेक्टर घेतलेल्या मुलीला वाळूत सोन्याचं नाणं सापडतं, प्राणी तिला ओढून नेतो, म्हातारा शांतपणे येऊन नाणं उचलून चालू लागतो. आख्ख्या करिअरचा सारांश आहे तो! या माणसाने १९६० साली एक आख्खा पिक्चर दोन-तीन दिवसांत शूट करून दाखवला होता, कोपोला, स्कोर्सेसी, कॅमेरॉन हे सगळे मोठे दिग्दर्शक त्याच्या हाताखाली कधी ना कधी राबलेले, आणि २०२४ मध्ये ९८ व्या वर्षी गेला. त्याला काय परवडतं आणि काय नाही हे माहीत होतं, म्हणून त्याचे जुने पिक्चर आजही बघवतात. माझा राग आहे तो २०१३ च्या शार्कनेडोनंतर जे सुरू झालं त्यावर. चक्रीवादळातून शार्क पडतात, लोकांनी ट्विटरवर धमाल उडवली, एकाचे सहा पिक्चर झाले आणि सगळ्यांना वाटलं की वाईट दिसणं हाच माल आहे. मग मुद्दाम वाईट करायला लागले. पडता पडता वाचणारा सर्कशीतला माणूस बघायला मजा येते, मुद्दाम पडणारा दोन मिनिटांत कंटाळा आणतो.

आता तुझी मगर. तुमच्याकडे दीड लाख आहेत म्हणजे संपूर्ण मगर दाखवायचे शॉट तुमच्याकडे फार तर तीन, आणि तेही एकेक दोन सेकंदांचे, सेकंदाला २४ च्या हिशोबाने प्रत्येकी ४८ फ्रेम. हे तीन शॉट आज कागदावर लिही आणि बाकी सगळी गोष्ट त्यांच्याशिवाय उभी राहते का बघ. नाही राहिली तर गोष्ट बदल, मगर नको बदलू. दुपारी शूट करू नका, पहाटेचं धुकं घ्या नाहीतर पावसाळी ढगाळ दिवस घ्या, ढगाळ उजेडात कडक सावली नसते, आमचं निम्मं काम तिथेच होतं. स्टीलचा गोळा कुठे शोधत बसू नका, घरातला गुळगुळीत पालथा गडू चालेल, प्रत्येक जागी दोन मिनिटं धरा आणि मोबाइलने जवळून फोटो काढा. राखाडीसाठी प्लास्टिकच्या चेंडूला हार्डवेअरच्या दुकानातला राखाडी प्रायमर मारा. आणि मगरीच्या उंचीची काठी, सगळ्यांनी तिच्याच टोकाकडे बघायचं, जो बघणार नाही त्याच्याकडून त्या दिवसाच्या चहाचे पैसे घ्या.

खऱ्या मगरीच्या जवळ जाऊन शॉट घ्यायचा शहाणपणा मात्र करू नका. जिवाचा प्रश्न आहेच, वर ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वनखातं सोडणार नाही. लांबून, झूम लेन्सने, पलीकडच्या काठावर आ वासून ऊन खात पडलेली एखादी मिळाली तर तो एक शॉट सोन्याचा, तो अगदी सुरुवातीला लावा. लोकांनी खरी पाहिली की पुढे पाण्यात काळा ओंडका दिसला तरी ते त्याला मगर समजतील.

आणि पहिल्या मृत्यूसाठी मी काय करीन ते सांगतो. माणूस दाखवायचाच नाही. सकाळी बायको शोधत काठावर येते, त्याची एक चप्पल, धुणं अर्धं पिळलेलं, आणि ओल्या चिखलात काठापासून पाण्यापर्यंत पोटाने घसरत गेल्याचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पंजे. तो पट्टा करायला गोणपाटात वाळू भरून ओढा, साधारण दीड फूट रुंद, पंजे हाताने काढा पण डावा-उजवा एकाआड एक काढा, समोरासमोर नको, मगर बेडकासारखी उड्या मारत जात नाही. चिखल ओला असतानाच शूट करा, वाळला की मेला. मला तो शॉट आणि गडूचा फोटो पाठव, बघू कितपत जमतंय.